समोर वाढलेलें अन्न
(लूक 10 : 7, 8)

प्रभूनें सत्तर शिष्यांस गांवोगांव पाठविलें, तेव्हां त्यांनीं उतरावें कोठें व जेवावें काय ह्याविषयींही आज्ञा केली. ज्या घरीं उतराल तेथेंच राहा, घरें बदलीत फिरूं नका. जें वाढतील तें खा. रोगी बरे करण्याची गोष्ट ह्याच्या मागून येते, हें आमच्या फारसें ध्यानांत येत नाहीं.

सन 1961 मध्यें अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी ह्यांनीं 'पीस कोअर' नांवाचें स्वयंसेवकदळ स्थापिलें. तरुण स्त्रीपुरुषांनीं सुमारें दोन वर्षें गरीब देशांत जाऊन राहावें, तेथील भाषा शिकावी, तेथील लोकांत मिसळून शाळा, शेती, आरोग्य ह्या कामीं साह्य करावें, असा बेत होता. आपल्या देशांतही हे स्वयंसेवक 1976 पर्यंत होते. अशा मनुष्याचा दिवस शिकविण्यांतच जात नाहीं. पाणी उकळावें लागतें. बाजारांत लेंकरासारखें बोबडें बोलावें लागतें. शेजारीण चुलीपाशीं येऊन हंसते. द्यावयास आलेला मनुष्य सकाळपासून रात्रीपर्यंत घेतच असतो.

नायजेरिया देश 1960 सालीं स्वतंत्र झाला. पुढल्याच वर्षीं तेथील इबादान शहरीं ह्या दळाची एक तुकडी कॉलेजांत उतरली होती. ऑक्टोबर महिन्यांत तींतील एका तरुणीनें स्वदेशीं धाडण्यासाठीं एक कार्ड लिहिलें. येथील लोक रस्त्यावरच राहतात, रांधतात, विकतात, अशा अर्थाचा त्यांत मजकूर होता. कार्ड टपालांत पडण्यापूर्वींच हरवलें आणि विद्यार्थ्यांच्या हातीं लागलें. त्याच्या प्रती निघाल्या, सभा भरली, पाहुण्यांनीं परत जावें अशी मागणी झाली. त्या बाईनें क्षमा मागितली व ती देश सोडून गेली. मागें राहिलेल्यांशीं विद्यार्थी कांहीं काळ अंतर राखून होते. पुढें हळूहळू बोलणें सुरू झालें.

ती दुष्ट मनाची होती असें आम्हांस वाटत नाहीं. घरापासून हजारों कोस दूर असलेल्या मनुष्यास आपल्या माणसांपाशीं मन मोकळें करावेंसें वाटतेंच. मजकूर सर्वस्वीं खोटा होता असेंही नव्हे. पण रस्त्यावरची ती चूल तिनें पाहिली, चुलीपाशीं बसलेली बाई पाहिली नाहीं.

उपदेशकबंधूंनो, आम्ही कोणत्या तोंडानें तिला दोष द्यावा? आम्ही प्रथम एका खेड्यांत नेमले गेलों, तेव्हां पहिल्याच महिन्याच्या रिपोर्टांत तेथील घाण, कर्ज व अज्ञान ह्यांच्या वर्णनानें दोन पानें भरलीं. त्या महिन्यांत आमची भाकरी कोणाच्या घरून येत होती, हें मात्र लिहिलें नाहीं. तिचें कार्ड सांपडलें, आमचा रिपोर्ट सांपडला नाहीं, इतकाच भेद. ज्या म्हातारीनें आम्हांस भाकरी दिली तिला अक्षर येत नव्हतें. तिच्या नातवास वाचावयास मात्र आम्हींच शिकविलें.