सोनं खरं, नाणं खोटं

माझ्या संग्रहातला सर्वांत लाडका सॉव्हरिन, म्हणजे ब्रिटिश सोन्याचं नाणं, 1918 सालचा आहे. एका बाजूला पाचवा जॉर्ज, दुसरीकडे ड्रॅगनला मारणारा घोडेस्वार संत जॉर्ज आणि सनाच्या वर, जमिनीच्या रेषेवर बारीक इंग्रजी ‘आय’ अक्षर. ही खूण मुंबईच्या टांकसाळीची. लंडनपासून इतक्या दूर पाडलेलं हे नाणं पूर्ण अस्सल, कारण तसा अधिकार त्या टांकसाळीला दिलेला होता.

विसाव्या शतकाच्या मध्याला असा अधिकार नसलेल्या काही खासगी कारखान्यांनीही सॉव्हरिन पाडले. सोनं 22 कॅरेट, वजन 7.98 ग्रॅम, तराजूला फसवणूक कळावी कशी? भिंगाखाली मात्र केसांच्या बोथट रेषा आणि कडेचे ओबडधोबड दाते बोलतात.

सोनं खरं असताना खोटं काय, हा प्रश्न मला वर्षानुवर्षं सतावतो. माझं उत्तर असं: खोटा असतो तो दावा. ते नाणं ज्याची हमी सांगतं, त्यानं ती दिलेलीच नसते. माणसाचे गुण अस्सल असले, तरी उसन्या नावानं वावरणं असत्यच. म्हणून नाणं पारखताना वजनावर थांबू नका; त्याचा जन्म कुठला, हेही विचारा.