गॅस तापतो, तिथून सुरुवात कर

दौंड

चि. बाळास,

एम.टेक.च्या प्रकल्पाला तू कार्बन डायऑक्साइडच्या, म्हणजे सीओटू गॅस लेसरचं सिम्युलेशन घेतलंस, असं तुझ्या आईने सांगितलं. रांजणगावात आता पत्रा कापायला फायबर लेसर आले, मग जुन्या यंत्राचं गणित कशाला, असं मित्र म्हणतात म्हणे. पत्र्यापुरतं ते खरं आहे. पण अ‍ॅक्रिलिक, लाकूड, कापड अजून सीओटू लेसरवरच कापतात. अत्याधुनिक चिपसाठी लागणारा अतिनील प्रकाशही कथिलाच्या थेंबांवर याच लेसरचे झोत मारून काढतात. विषय बदलू नकोस.

शिवाय विषय आपल्या शेजारचा आहे. 1964 साली बेल लॅबमध्ये हा लेसर शोधणारे कुमार पटेल जन्मले बारामतीत, शिकले पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात. आपल्याकडे साखर कारखान्यांचे अध्यक्ष तोंडपाठ असतात. हे नाव विचारून बघ.

पटेलांनी काय केलं, तो क्रम आधी समजून घे. नुसत्या कार्बन डायऑक्साइडमधून मिलिवॉटच मिळाले. नायट्रोजन मिसळल्यावर वॉट मिळू लागले, कारण त्याची कंपनऊर्जा सीओटूच्या वरच्या ऊर्जापातळीशी जवळजवळ जुळते आणि टकरीत सहज हवाली होते. हेलियमने मजल शंभर वॉटच्या पुढे गेली. तो खालची पातळी रिकामी करतो आणि उष्णता बाहेर नेतो.

तुझ्या मॉडेलची सगळी मदार या उष्णतेवर आहे. वरच्या पातळीतल्या ऊर्जेचा फार तर 41 टक्के भाग प्रकाश होतो. डिस्चार्जमधले तोटे धरले की हाती दहा-वीस टक्के उरतात. म्हणजे एका किलोवॉटच्या किरणासाठी पाच ते दहा किलोवॉट वीज घालायची आणि उरलेली उष्णता उपसायची. ती साचली की खालची पातळी आपोआप भरते आणि लेसर बसतो. मोठ्या मशिनला ब्लोअर आणि चिलर लागतात ते यासाठीच.

म्हणून सॉफ्टवेअर उघडण्याआधी वही उघड. गॅस संथ असलेली, बाहेरून पाण्याने थंड केलेली साधी नळी घे. तिच्यातून मीटरमागे पन्नास ते ऐंशी वॉटच निघतात, आणि नळी जाड केली तरी त्यात फारसा फरक पडत नाही. जाड नळीत वीज जास्त मावते, पण मधल्या गॅसला भिंत तितकीच लांब पडते. हे कागदावर चार ओळींत सिद्ध होतं. तुझ्या प्रोग्रॅमने जाड नळीतून भरमसाट वॉट दाखवले, तर चूक प्रोग्रॅमची. पुढचं काही त्याला विचारू नकोस.

हे जमलं की वाहता गॅस घाल, मग इलेक्ट्रॉनांचं बोल्ट्झमन समीकरण. आरसे शेवटी. त्यासाठी फॉक्स आणि ली यांचा 1961 चा लेख मिळव, तोही बेल लॅबचाच. लाट दोन आरशांमध्ये संगणकावर पुन्हा पुन्हा फिरवली की तिचा आकार स्थिर होतो, हे त्यांनी दाखवलं. आजही पद्धत तीच.

आणि उत्तर मोजणीशी जुळावं म्हणून टकरींचे गुणांक हळूच सरकवायचे नाहीत. गाइड रंगीत चित्रांवर खूश होतील, होऊ देत. गुणांक कुठून घेतले, ते प्रत्येकापुढे लिही.

दिवाळीला येशील तेव्हा लॅपटॉप राहू दे, नळीचा हिशेब केलेली वही आण.

तुझा
मामा