आधीच्याही आधी

रॉबर्ट फाल्कन स्कॉट आणि त्याचे चार साथीदार 17 जानेवारी 1912 रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचले. आदल्या दिवशीच त्यांना बर्फात रोवलेला काळा झेंडा आणि कुत्र्यांच्या पावलांचे ठसे दिसले होते. मग तंबू सापडला, तंबूत नॉर्वेच्या राजाच्या नावाने लिहिलेलं पत्र. रोआल्ड अमुंडसेन 14 डिसेंबरलाच तिथे येऊन गेला होता.

ही हकिकत इंग्रजीत सांगायला बसलं की पास्ट परफेक्टवाचून पान हलत नाही. नॉर्वेची माणसं ऑक्टोबरातच ‘हॅड सेट आउट’, त्यांनी तंबू ‘हॅड पुट अप’, आणि स्कॉट येईपर्यंत ती ‘हॅड गॉन बॅक’. त्याहीआधी सप्टेंबरात अमुंडसेन घाईने निघाला होता आणि थंडीने हैराण होऊन परतला होता. म्हणजे ‘हॅड सेट ऑफ’ आणि ‘हॅड टर्न्ड बॅक’. निघणं, उभारणं, परतणं, सगळी साधी कामं. इंग्रजी ती सांगते चार-पाच घरगुती धातूंनी आणि त्यांच्या मागे लावलेल्या आउट, अप, ऑफ, बॅक अशा चिमुकल्या शब्दांनी. या जोड्यांना इंग्रजी व्याकरणात फ्रेजल व्हर्ब म्हणतात. लोगन पिअरसॉल स्मिथने 1925 साली हे नाव पुस्तकात वापरलं आणि ते ऑक्सफर्ड कोशाच्या हेन्री ब्रॅडलीने सुचवल्याचं नमूद केलं. नाव अलीकडचं असलं तरी डोकेदुखी जुनी आहे. परक्या माणसाला आपल्या भाषेत सर्वांत जास्त त्रास या जोड्यांचा होतो, हे सॅम्युएल जॉन्सनने 1755 सालीच आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत सांगून ठेवलं होतं.

पास्ट परफेक्ट या काळात नेमकं घडतं काय? भाषाशास्त्रज्ञ ऑटो येस्पर्सनने 1924 साली त्याला भूतकाळाच्या आधीचा काळ म्हटलं. 1947 साली हान्स रायशेनबाख या तत्त्वज्ञाने आणखी बारकाईने पाहिलं आणि तीन बिंदू मांडले: बोलण्याचा क्षण, घटनेचा क्षण आणि जिथून आपण घटनेकडे बघतो तो क्षण. साध्या भूतकाळात बघण्याची जागा आणि घटना एकाच ठिकाणी असतात. पास्ट परफेक्टमध्ये त्यांची फारकत होते. आपण आज बोलतो, पण उभे असतो जानेवारी 1912 मध्ये, स्कॉटच्या शेजारी, आणि तिथून मागे वळून डिसेंबरातला अमुंडसेन बघतो. ‘हॅड’ म्हणजे ही मधली उभं राहण्याची जागा. ती नसेल तर ‘हॅड’ला काही कामच उरत नाही.

फ्रेजल व्हर्बमधला शेपटाचा शब्द वेगळं काम करतो. काळाशी त्याचं देणंघेणं नाही. ‘गिव्ह अप’मध्ये गिव्हचं गेव्ह होतं, गिव्हन होतं. ‘अप’ मात्र अपच राहतो. पण तो कृतीचा शेवट दाखवतो. ‘हॅड यूज्ड द ऑइल’ म्हणजे तेल वापरलं होतं, डब्यात थोडं उरलंही असेल. ‘हॅड यूज्ड अप द ऑइल’ म्हटलं की डबा कोरडा. परतीच्या वाटेवर स्कॉटच्या माणसांना कोठारांतले तेलाचे डबे अपेक्षेपेक्षा हलके लागले. थंडीत झाकणांच्या चकत्या ढिल्या पडून तेल उडून गेलं होतं. ते संपवणारं कुणी नव्हतं, म्हणून इथे ‘यूज्ड अप’ चालत नाही. पुढे चूल पेटवायला काहीच उरलं नाही तेव्हाचं वाक्य ‘हॅड रन आउट ऑफ फ्युएल’. माझ्या मते हे दोन घटक एकमेकांना इतके लागतात ते यामुळेच. ‘हॅड’ सांगतो की गोष्ट त्या क्षणाआधीच झाली होती, आणि ‘अप’ किंवा ‘आउट’ सांगतो की ती तळापर्यंत झाली होती.

जर्मन भाषेत हाच संसार निराळा चालतो. ‘सोडून देणे’ याचा जर्मन धातू आउफगेबेन. वर्तमानकाळात त्यातला ‘आउफ’ सुटून वाक्याच्या टोकाला जातो, पण पूर्ण भूतकाळात ‘हाटे आउफगेगेबेन’ असा परत येऊन धातूला चिकटतो. इंग्रजीत मात्र एकदा सुटलेला ‘अप’ कायमचा सुटला. त्यामुळे कर्म कुठे बसवायचं हा प्रश्न त्याने जन्माला घातला. ‘हॅड टेकन ऑफ हिज बूट्स’ चालतं, ‘हॅड टेकन हिज बूट्स ऑफ’ही चालतं, पण बुटांऐवजी सर्वनाम आलं की ‘हॅड टेकन देम ऑफ’ हाच एक रस्ता. आणि ‘पुट अप विथ’सारखी तिहेरी गाठ तर सुटतच नाही. वाक्याच्या शेवटी शब्दयोगी नको असा हट्ट धरणाऱ्यांची थट्टा करायला तिची मोडतोड करून रचलेला विनोद चर्चिलच्या नावावर खपतो. तो त्याचाच असल्याचा भक्कम पुरावा नाही, पण चर्चिलचं नाव लावलं की विनोदाला वजन येतं.

मराठीकडे वळलो की पहिली गोष्ट दिसते ती उलट्या रांगेची. इंग्रजीत हॅड, गॉन, अवे. मराठीत निघून, गेला, होता. तेच तीन मानकरी, पण पालखी उलट्या दिशेने चाललेली. दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. इंग्रजी ही पूर्णता दाखवायला दिशा वापरते: वर, खाली, बाहेर, दूर. मराठी त्यासाठी दुसरं क्रियापद वापरते, आणि त्यात करणाऱ्याचं मन शिरतं. ‘मी त्याला सांगून टाकलं होतं’ यात ओझं उतरल्याची भावना आहे. ‘सांगून ठेवलं होतं’ यात पुढची तजवीज. ‘सांगून बसलो होतो’ यात पश्चात्ताप. ‘सांगून गेलो होतो’ यात नकळत तोंडातून निसटलेलं. इंग्रजी या चौघांनाही ‘हॅड टोल्ड’ म्हणून मोकळी होते आणि मग स्वराने किंवा जोडवाक्याने भरपाई करते. ‘गिव्ह’च्या गिव्ह अप, गिव्ह इन, गिव्ह आउट, गिव्ह अवे या चाली कौतुकाच्या आहेत खऱ्या, पण आपलं ‘ठेवणे’ एकट्याने निम्मा पास्ट परफेक्ट पोटात घेऊन हिंडतं.

आणखी एक जुनं नातं. त्याने बूट काढून ठेवले होते, टोपी काढून ठेवली होती. आपलं क्रियापद कर्माच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलतं. इंग्रजीचं ‘हॅड’ कुणापुढेच वाकत नाही. पण जुन्या इंग्रजीत हे कृदंत अधूनमधून कर्माशी जुळवून घेत असे, कारण ‘हॅड’चा मूळ अर्थ जवळ असणे, लिहून झालेलं पत्र जवळ होतं, अशी काहीशी ती रचना. ती खूण तिथे पुसली गेली, इथे राहिली.

घोटाळा होतो तो ‘होता’पाशी. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं व्याकरण 1836 साली छापलं गेलं, तेव्हापासून इंग्रजी व्याकरणाची चौकट मराठीच्या अंगावर चढलेली आहे, आणि शाळेत ‘पूर्ण भूतकाळ बरोबर पास्ट परफेक्ट’ असं समीकरण फळ्यावर येतं. ते अर्धंच खरं आहे. ‘मी काल पुण्याला गेलो होतो’ या वाक्याला दुसरा कुठलाही क्षण लागत नाही. गेलो आणि परत आलो, विषय संपला, एवढंच ‘होतो’ सांगतं. हेच वाक्य इंग्रजीत ‘आय हॅड गॉन टु पुणे यस्टरडे’ झालं की इंग्लंडमधला ऐकणारा पुढच्या वाक्याची वाट बघत राहतो: गेला होतास, आणि मग काय झालं? वाक्य चुकलं आहे यात शंका नाही. पण त्यात अडाणीपणा नाही. एका भाषेचा नियम दुसऱ्या भाषेत इमानाने पाळला गेला आहे. तसंच आपल्याकडे नोकरीच्या अर्जात ‘हॅड पास्ड आउट इन 1998’ सर्रास असतं. ब्रिटनमध्ये हे लष्करी किंवा पोलीस प्रशिक्षण पुरं केलेल्याबद्दल म्हणतात. बाकी ठिकाणी त्याचा अर्थ शुद्ध हरपली होती.

इंग्रजीनेही एका जागी आपल्यापेक्षा कंजुषी केली आहे. फेब्रुवारी 1911 मध्ये स्कॉटच्या लोकांनी ‘वन टन’ नावाचं कोठार ठरलेल्या 80 अंशांऐवजी 79 अंश 29 मिनिटांवर उभं केलं. घोडी थकली होती, पुढे नेण्याचा आग्रह त्यांच्यातल्या कॅप्टन ओट्सने धरला होता, पण ते मागे वळले. पुढच्या वर्षी स्कॉट आणि तोवर जिवंत उरलेले दोन साथीदार त्या कोठारापासून 11 मैलांवर गारठून गेले. ‘दे हॅड सेट अप द डेपो’, आणि ठरलेल्या जागेबद्दल हळहळताना ‘इफ दे हॅड सेट अप द डेपो’. इंग्रजीत घडलेलं आणि न घडलेलं दोन्ही एकाच ‘हॅड’वर निभावतं, फरक फक्त ‘इफ’चा. मराठी ‘उभं केलं होतं’ आणि ‘उभं केलं असतं’ अशी दोन वेगळी दारं ठेवते.

म्हणून इंग्रजी शिकवणाऱ्यांना एक विनंती. फ्रेजल व्हर्बच्या याद्या घोकायला लावू नका. त्या परीक्षेपुरत्याही टिकत नाहीत. एखादी गोष्ट द्या, तिच्यात कोण कुठे उभं राहून मागे बघतंय ते शोधायला सांगा. आणि मुलाच्या वहीत ‘हॅड’ दिसला की लाल पेन उचलण्याआधी त्याला एवढंच विचारा: कशाच्या आधी?