हाड आणि हाक

वीस वर्षं मी आर्क्टिकमधली हाडं मोजतो आहे. सीलची, रेनडिअरची, कधी माणसांची. तरी ग्रीनलंडमधल्या नूकच्या राष्ट्रीय संग्रहालयात, किलाकित्सोक या जागी सापडलेल्या तान्ह्या बाळाच्या ममीसमोर हात जोडले जातात. 1972 मध्ये तिथे शिकारीला गेलेल्या दोघा भावांना कड्याच्या कपारीत सहा बायका आणि दोन मुलं सापडली, साधारण 1475 सालची. थंड, कोरड्या हवेने त्यांना जपलं होतं. त्यातलं हे लेकरू जेमतेम सहा महिन्यांचं.

त्याला काचेत ठेवायचा हक्क आपल्याला कुणी दिला? हाडांतून आहार कळतो, आजार कळतात, आणि ते ज्ञान मला हवंच आहे. पण इन्युइट लोक गेलेल्याचं नाव नव्या बाळाला देतात. नाव आजीच्या वडिलांचं असेल, तर आजी त्या बाळालाच ‘बाबा’ म्हणते. माझ्या मुलाला मी वडिलांचं नाव ठेवलं, तेव्हा आईने ते कधी तोंडाने घेतलं नाही. त्याला ती ‘अहो’ म्हणायची! माणूस हाकेत उरतो, असं मला तेव्हापासून वाटतं.

आता गोठलेली जमीन वितळते आहे, जुन्या उकिरड्यांतली हाडं कुजताहेत. ती वाचवायला मी खणतो. थडग्याजवळ मात्र आधी गावातल्या वडीलधाऱ्यांना विचारतो. गेल्या उन्हाळ्यात ते ‘नको’ म्हणाले. मी परत आलो.