मागचं पाऊल

झाशीत एक तरुण फिटर राहत होता. त्याचे पूर्वज नेवाळकरांच्या काळात तिकडे गेले आणि तिथलेच झाले. घरात मराठी, घराबाहेर बुंदेली. रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात त्याला नोकरी होती. कारखाना १८९५ सालचा, आणि तरुणाचे आजोबाही तिथंच कामाला होते.

तरुणाचं लग्न ठरलं. मुलगी गावातलीच, तीही मराठी घरातली. लग्न गणेश मंदिरात लागणार होतं. १८४२ साली झाशीचे राजे गंगाधरराव नेवाळकर आणि मनू, म्हणजे पुढच्या राणी लक्ष्मीबाई, यांचं लग्न लागलं, तेच हे मंदिर. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी संगीत, आणि त्यात नवरानवरीनं जोडीनं साल्सा करायचा, असं मित्रांनी परस्पर ठरवून टाकलं.

साल्सा मूळचा क्युबाचा. तो न्यूयॉर्कला वाढला आणि फिरत फिरत झाशीच्या सिपरी बाजारातही येऊन पोचला. तिथं एका दुकानाच्या माडीवर एक बाई तो शिकवत. दोघं त्यांच्याकडं गेली.

तरुणानं मोबाइलवर बघून गिरक्या आधीच पाठ केल्या होत्या. तो म्हणाला, "बाई, आम्हाला गिरक्या तेवढ्या पक्क्या करून द्या. हातात वेळ थोडा आहे."

बाई म्हणाल्या, "आधी आठ आकडे मोजू."

त्यांनी करून दाखवलं. एकला डावा पाय पुढं. दोनला मागच्या उजव्या पायावर भार. तीनला डावा पाय परत मध्ये. चारला थांबायचं. पाचला उजवा पाय मागं, सहाला डाव्यावर भार, सातला उजवा परत मध्ये. आठला पुन्हा थांबायचं. मुलीचं सगळं याच्या उलट. तो पुढं येईल तेव्हा तिनं मागं जायचं, तो मागं जाईल तेव्हा तिनं पुढं यायचं.

"एवढंच?" तरुणानं विचारलं.

"एवढंच," बाई म्हणाल्या.

तरुण उंच होता. त्याची ढांग लांब. एक म्हटलं की तो दरवाजा ओलांडावा तसा पुढं जाई. चारला थांबायचं असतं हे तर तो विसरूनच जाई. मुलगी सावरायच्या आत तो पुढचं पाऊल टाकून मोकळा होई. तिच्या अंगठ्यावर त्याचा बूट पडे. मग तो म्हणे, "खाली काय बघतेस? लवकर मागं हो ना!"

ती आणखी लवकर मागं होई. तो आणखी लांब पाऊल टाकी.

मुलीनं आठवडाभर सोसलं. मग एका संध्याकाळी तिनं चपला घातल्या. "मला नाही नाचायचं. तू एकटाच नाच," ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.

तरुण बाईंकडं वळला. "बघा बाई, तिला जमतच नाही."

बाई म्हणाल्या, "उद्या तू एकटा ये."

दुसऱ्या दिवशी बाई त्याच्या जागेवर उभ्या राहिल्या आणि त्याला मुलीच्या जागेवर उभं केलं. "आज मी पुढं येणार, तू मागं जायचंस," त्या म्हणाल्या.

त्यांनी एक म्हटलं आणि चांगली लांब ढांग टाकली. तरुणानं घाईघाईनं पाय मागं टाकला. टाच आधी टेकली आणि तोल गेला. तो सावरतोय तोवर बाईंनी पाच म्हटलं. चार आलाच नाही. त्यानं मान वळवून मागं बघितलं, तर हात सुटला. तिसऱ्या खेपेला तो भिंतीवर आपटला.

"बाई, जरा हळू! मागचं काही दिसत नाही मला," तो कळवळून म्हणाला.

"मी तुझ्यासारखीच चालतेय," बाई म्हणाल्या.

तरुण गप्प झाला. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "मग मी काय करू?"

"मी सांगेन तोवर मागचं पाऊल कर. पुढचं नको."

तरुण कामाला लागला. घरी गच्चीवर तो उलटा चाले. जेवणाच्या सुट्टीत कारखान्यात वॅगनच्या आडोशाला आकडे मोजत उलटा चाले. बरोबरचे हसत. हळूहळू त्याला एकेक गोष्ट उमगत गेली. मागं जाताना आधी चवडा टेकावा लागतो, टाच मागून येते. अंगाचा भार पुरता त्या पायावर गेल्याशिवाय दुसरा पाय उचलत नाही. तो भार जायला चारचा थांबा लागतो. आणि पाऊल लांब पडलं, तर भार मध्येच लटकून राहतो.

एके दिवशी कारखान्यात डबे जोडणारा कपलर तुटलेली एक वॅगन आली. म्हातारे मिस्त्री तो तुकडा हातात घेऊन बसले होते. त्यांनी तरुणाला विचारलं, "हे कशानं तुटलं, सांग बघू?"

"वॅगन जड असेल," तरुण म्हणाला.

"वॅगन रोजच जड असते," मिस्त्री म्हणाले. "इंजिनानं हिसका दिला, म्हणून तुटलं."

त्या संध्याकाळी तरुण मुलीच्या घरी गेला. अंगणात उभा राहून म्हणाला, "आज तू पुढं ये, मी मागं जातो."

मुलीला नवल वाटलं, पण ती उठली. तिनं एक म्हटलं आणि पाऊल टाकलं. तिचं पाऊल बेताचं होतं. तरुण सहज मागं गेला. चारला ती थांबली, तोही थांबला. त्याला खाली बघावं लागलं नाही, मागंही बघावं लागलं नाही.

मग त्यांनी जागा बदलल्या. तरुणानं मुलीच्याच मापाचं पाऊल टाकलं. चारला तो थांबला. तिचा भार तिच्या पायावर आला, ते त्याला हाताला कळलं. तेव्हा कुठं त्यानं पाचचं पाऊल घेतलं. आईनं जेवायला हाक मारली तरी दोघं नाचतच होती.

संगीताच्या संध्याकाळी गाणं लागलं. दोघं पुढं-मागं, पुढं-मागं नाचत राहिली. मित्र ओरडले, "गिरकी होऊ दे!" तरुणानं तीनला डावा हात वर उचलला. पाच, सहा, सातमध्ये मुलगी हाताखालून फिरून आली आणि आठला समोर उभी. त्या रात्री गिरकी तेवढीच झाली. त्यानं न ओढता, न ढकलता तिनं घेतलेली.

नाच संपल्यावर एक मित्र धावत आला. त्याचंही लग्न ठरलेलं होतं. "मलाही शिकव. पण लवकर हं, वेळ नाही फार," तो म्हणाला.

तरुणानं त्याचा हात धरला, त्याला आपल्यासमोर उभं केलं आणि म्हणाला, "आधी मागं जा."

तात्पर्य: ज्याला दुसऱ्याला घेऊन पुढं जायचं आहे, त्यानं आधी मागं जाणाऱ्याचं पाऊल चालून बघावं.