रांधणारीचं पान

पोळीच्या जेवणात एक माणूस कायम उभं असतं. घरात सहा माणसं असली तर पाच पानावर बसतात आणि सहावी तव्यापाशी असते. पोळी गरम हवी, भाकरी तर तव्यावरून थेट ताटात हवी, म्हणून रांधणं आणि जेवणं एकाच वेळी चालू राहतं आणि रांधणारी त्या जेवणाच्या बाहेर राहते. तिचं पान सगळ्यांच्या नंतर, बहुतेक वेळा एकटीचं. महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत हे रोज दोनदा घडतं, आणि ते इतकं अंगवळणी पडलं आहे की कोणी तरी कधी तरी ठरवलेली ही रीत आहे असं कोणाच्या मनातही येत नाही.

खानदेशातली वरण-बट्टी या रिवाजाच्या उलट बाजूला उभी आहे. बट्ट्या पन्नास असोत की पाचशे, विस्तव मोठा केला की सगळ्या एकदमच भाजून निघतात. वरणाचं पातेलं तोवर उतरलेलं असतं. पंगत बसते तेव्हा शिजवायचं काही उरलेलं नसतं. वाढणारे सोडले तर कोणालाही उभं राहायचं कारण नसतं. या जेवणाची मोठी किंमत मला इथे दिसते. पारंपरिक पदार्थ जपायला हवेत असं आपण म्हणतो, तेव्हा ओवा किती आणि मोहन किती याची नोंद ठेवतो, गोवरीवरच्या खरपूस वासाची आठवण काढतो. रांधणारी जेवायला कधी बसली, याची नोंद कोणी ठेवत नाही.

आधी पदार्थच नीट पाहू. गहू जाडसर, रवाळ दळायचा. जळगाव-धुळ्याकडे त्यात मका मिसळून दळून आणतात, साधारण चार वाट्या गव्हाला वाटीभर मका. पिठात ओवा, मीठ, चिमूटभर हळद आणि तेलाचं सढळ मोहन. पीठ मुठीत दाबलं तर मुटका टिकला पाहिजे, एवढं. कणीक घट्ट मळून तिचे गोळे वळायचे. जाड दळण आणि मोहन या दोहोंमुळे गव्हातला चिकटपणा एकसंध धरत नाही, म्हणून भाजलेली बट्टी बोटांनी कुस्करली जाते आणि त्या चुऱ्यात वरण शिरतं. पोळीच्या बारीक पिठाची बट्टी केली तर ती आतून चिवट राहते, वरण तिच्या भोवती साचून राहतं आणि जेवणाची गंमत तिथेच संपते.

असा मुठीएवढा गोळा जाळावर भाजता येत नाही. जाळावर तो बाहेरून करपतो आणि आत कच्चा राहतो. त्याला चहूबाजूंनी सारखी, मंद, बराच वेळ टिकणारी धग लागते. ती गोवरी देते. गोवऱ्या रचून पेटवायच्या, ज्वाळा बसून लाल आर होईपर्यंत धीर धरायचा, मग त्यात गोळे ठेवून वरून राख ओढायची. राख ऊब धरून ठेवते आणि हवा बेतानंच आत जाऊ देते. अधूनमधून काठीनं गोळे उलटायचे. अंगाला तडे गेले की बट्टी झाली. फडक्यात घोळून राख झटकायची, फोडायची, तुपात बुडवायची. सोबत तुरीचं घोटलेलं वरण, कुठे साधं, कुठे लसूण-जिऱ्याच्या फोडणीचं, कुठे गूळ-आमसुलाचं. आणि वांग्याची घोटलेली भाजी.

हीच अडचण देशाच्या मोठ्या पट्ट्यानं आपापल्या परीनं सोडवली आहे. राजस्थानात बाटी पंचमेल डाळीबरोबर येते आणि तिचाच चुरा साखर-तुपात घालून चूरमा होतो. माळव्यात गोळे आधी पाण्यात उकळून मग भाजतात, तो बाफला. बिहारची लिट्टी पोटात सातू भरून घेते. विदर्भात एकावर एक लाट्या ठेवून वळलेला रोडगा गोवऱ्यांच्या जगऱ्यात भाजतात; एकनाथांच्या भारुडात भवानीला नवस बोलला आहे तो याच रोडग्याचा. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. पोळपाट, लाटणं, तवा यांच्यावाचून हे अन्न होतं. पीठ, पाणी आणि विस्तव एवढ्यावर भागतं. म्हणून ते शेतात, वाटेवर, गुरांमागे, देवळाच्या आवारात, म्हणजे स्वयंपाकघराच्या बाहेर शिजत आलं. आणि स्वयंपाकघराच्या बाहेर शिजतं म्हणून पुरुष ते शिजवत आले.

हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. खानदेशात थंडीत शेतावर भरताच्या पार्ट्या होतात. कपाशीच्या नाहीतर तुरीच्या काड्यांवर मोठी हिरवी वांगी भाजली जातात. जळगावच्या या भरीताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. वांगी भाजणारे, सोलणारे, ठेचणारे सहसा पुरुषच असतात. भंडाऱ्यात, म्हणजे गावजेवणात, शेकडो माणसांच्या बट्ट्या वळणारे, भाजणारे हातही बऱ्याचदा पुरुषांचेच. म्हणजे पुरुषांना रांधता येत नाही हे खरं नाही. रांधण्याचं कौशल्य आहे, अंदाज आहे, विस्तवाची जाण आहे. तरी राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत दिसलं की घरकाम करणारी बाई दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवते आणि घरकामात हात घालणारा पुरुष ९७ मिनिटं. आणि मुळात हात घालणारे पुरुष सव्वीस टक्क्यांच्या आसपास. फरक कौशल्याचा नाही. गावासमोर, वर्षातून काही वेळा, मान मिळवून देणारं रांधणं पुरुषांनी घेतलं. रोजचं, कोणाला न दिसणारं बाईकडे राहिलं.

बट्टी घरात आली तेव्हा तिचंही तेच झालं. शहरातल्या घरात गोवऱ्या पेटवता येत नाहीत, खेड्यातही गॅस आला. मग गोळे वाफवून किंवा उकळून घ्यायचे, गार झाले की फोडी करायच्या आणि कढईत तेलात तळायच्या, ही पद्धत रुळली. खाद्यपरंपरेचे काही अभिमानी हिला भ्रष्ट मानतात. मला ते पटत नाही. वाफेनं गाभा आधीच शिजतो, मग कवच खमंग करायला थोडाच वेळ पुरतो. बाफल्यामागे हाच विचार आहे. गोवरीच्या धुराकडे परत चला असंही मी म्हणणार नाही. त्या धुरानं किती बायकांचे डोळे आणि छाती खाल्ली हे ज्यांनी जवळून पाहिलं आहे त्यांना ती ओढ असणार नाही, आणि शेण जाळण्यापेक्षा शेतात गेलेलं बरं. माझी तक्रार तळणाशी आहे, आणि ती चवीची नाही. तळलेली बट्टी गरम खायची असते. म्हणजे घाणे काढत राहायचे. म्हणजे कढईपाशी कोणी तरी उभं. पोळीच्या तव्यापाशी जी होती तीच इथे येऊन उभी राहिली, आणि या जेवणाचा जो गुण होता तोच गेला. वाफवलेल्या बट्ट्या गॅसवरच्या बाटीच्या भांड्यात किंवा ओव्हनमध्ये एकदम भाजून घेतल्या तर तो गुण परत मिळतो. ज्या घरांत हे भांडं आलं आहे तिथे मी ते साधन म्हणून मोठं मानतो.

अर्थात पदार्थ फक्त शक्यता देतो. सगळं शिजून तयार असलं तरी भंडाऱ्यात पहिली पंगत पुरुषांची, मग मुलांची, मग बायकांची, हा क्रम अनेक गावांत आजही टिकून आहे. शेवटच्या पंगतीला बट्टी गार आणि वरण तळाचं. तिथे विस्तवाचं, तव्याचं कसलंही कारण सांगता येत नाही. तो निव्वळ रिवाज आहे. आणि बायकांच्याही नंतर, पंगतीच्या कडेला किंवा पंगतीच्या बाहेर कोणाला बसवलं जात होतं, ते मराठीतल्या दलित आत्मकथनांत वाचायला मिळतं. एके काळी अमळनेरला शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी पंढरपूरचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून मे १९४७ मध्ये उपोषण केलं. देवाचं दार उघडलं. पंगतीतली जागा त्याहून सावकाश उघडत गेली, कारण देवळात शेजारी उभं राहण्यापेक्षा शेजारी बसून जेवणं जातीला जास्त झोंबतं. गावजेवणाचं कौतुक करताना हे लपवणं अप्रामाणिकपणाचं होईल. भंडारा सगळ्यांचा असं म्हणायचं असेल तर पहिल्या पंगतीत कोण बसलं आहे ते पाहून म्हणावं.

आता वरणाकडे येतो, कारण पंगतीत किती जण बसणार हे शेवटी वरण ठरवतं. बट्टी मोजून होते, वरण वाढवता येतं. ऐनवेळी पाहुणे आले तर तांब्याभर पाणी आणि थोडं मीठ, भागतं. ही सोय मोठी आहे, पण तिला मर्यादा आहे. गव्हाच्या प्रथिनांत लायसिन कमी असतं, डाळीत ते भरपूर असतं. डाळीत जे अमिनो आम्ल कमी पडतं, मेथिओनिन, ते धान्यातून मिळतं. दोन्ही एकत्र आल्यावर अन्न पुरं होतं. पाण्यानं वाढवलेल्या वरणात हा हिशेब मोडतो. पान भरलेलं दिसतं, पोटही भरतं, अंगाला मात्र लागत नाही.

२०१५ च्या शेवटी तूरडाळ किलोला दोनशे रुपयांच्या आसपास गेली होती, तेव्हा गरिबांच्या घरी वरण किती पातळ झालं असेल याचा अंदाज करायला पाहणी लागत नाही. पुढच्याच हंगामात तूर अमाप आली. हमीभाव बोनससह क्विंटलला ५,०५० रुपये होता, पण बाजार त्याच्या खाली गेला आणि महाराष्ट्रातला शेतकरी खरेदी केंद्रांबाहेर पोती घेऊन दिवसचे दिवस ताटकळला. तूर शेतात पाच-सहा महिने उभी असते, मुळांवरच्या गाठींत हवेतला नायट्रोजन धरते, कोरडवाहू काळ्या जमिनीत खोल जाऊन पाणी शोधते. एवढं करून पिकवणारा आणि खाणारा, दोघंही एका वर्षाच्या अंतरानं नाडले गेले. मधल्या काळात मोझांबिक, म्यानमारहून तूर येत राहिली.

२०१३ चा अन्नसुरक्षा कायदा प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना पाच किलो धान्य देतो, आणि २०२३ पासून ते फुकट मिळतं. तांदूळ मिळतो, गहू मिळतो. डाळ त्या कायद्यात नाही. म्हणजे रेशनच्या दुकानात बट्टी मिळते, वरण मिळत नाही. महाराष्ट्रात अधूनमधून किंवा सणाच्या शिध्यात डाळ आली, पण ती त्या त्या वेळच्या निर्णयावर अवलंबून होती, हक्क म्हणून आली नाही. तामिळनाडूत रेशन दुकानातून तूरडाळ किलोला तीस रुपयांनी गेली अनेक वर्षं दिली जाते. ते राज्य तुरीचं आगर नाही. आपल्याकडे मराठवाडा आणि विदर्भ तूर पिकवतात, लातूर-अकोल्यात ती भरडली जाते. सरकारनं हमीभावानं इथेच खरेदी करावी, इथेच भरडून घ्यावी आणि प्रत्येक शिधापत्रिकेवर महिन्याला निदान किलोभर डाळ ठरलेल्या दरानं, कायद्यात लिहून द्यावी. शेतकऱ्याला गिऱ्हाईक मिळेल आणि घरातल्या शेवटच्या पानावरही घट्ट वरण पडेल.