कर्णनाद आणि कारणाचा शोध

ज्याचा उगम बाहेर कोठेही नाही आणि जो शेजारी बसलेल्या माणसाला ऐकू येत नाही, असा आवाज एखाद्याच्या कानात रात्रंदिवस चालू राहिला, तर त्याला काय म्हणावे? कुणाला तो रातकिड्यांच्या किरकिरीसारखा वाटतो, कुणाला वाफेच्या शिट्टीसारखा, तर कुणाला दूर कोठे तरी शंख फुंकल्यासारखा. दिवसा कामाच्या धबडग्यात तो दबून राहतो आणि रात्री घर निजले म्हणजे एकट्याच्या उशाशी येऊन बसतो. आयुर्वेदाला हा विकार अपरिचित नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे २८ रोग सांगितले आहेत, त्यांत कर्णनाद आणि कर्णक्ष्वेड हे दोन्ही येतात. वायू शब्दवाहक मार्गात बिघडून राहिला म्हणजे असा नाद उठतो, ही तेथील उपपत्ती. अतिश्रम, क्षय, रूक्ष आहार अशी कारणे तेथे मोजली आहेत. रोग्याचे पाप त्या यादीत नाही, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. आधुनिक वैद्यक याच विकाराला टिनिटस म्हणते.

रोगाची चिकित्सा सांगणे हा या लेखाचा हेतू नाही. ते काम वैद्याचे आहे. आपल्यापुढचा प्रश्न नीतीचा आहे. ज्याला हा नाद जडतो तो पहिल्या दिवसापासून स्वतःला विचारू लागतो, ‘हे मला का झाले?’ या एका ‘का’मध्ये दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. हे कशामुळे झाले, हा एक. आणि हे कुणाच्या दोषामुळे झाले, हा दुसरा. पहिला कारणाचा शोध आहे, दुसरा अपराध्याचा. या दोहोंतील भेद सुटला म्हणजे दुःख दुणावते, आणि पुष्कळ वेळा खरे कारण समोर उभे असूनही दिसेनासे होते.

प्रथम या आवाजाच्या स्वरूपाचाच विचार करू. वैशेषिकांनी शब्दाची उत्पत्ती तीन प्रकारांनी मानली आहे: संयोगापासून, जसा टिपरी नगाऱ्यावर पडताच होणारा; विभागापासून, जसा बांबू चिरताना होणारा; आणि शब्दापासूनच पुढे उत्पन्न होत जाणारा, जसा लाटेमागून लाट यावी तसा. कर्णनाद या तिन्हींत नीट बसत नाही. बाहेर काही आपटलेले नाही, काही फाटलेले नाही, कोणी बोललेले नाही. मग हा भ्रम म्हणावा काय? दोरीवर साप दिसतो तेव्हा दिवा आणताच साप नाहीसा होतो. येथे मात्र हा आवाज बाहेरचा नाही, असे पक्के ज्ञान झाल्यावरही तो थांबत नाही. ज्ञानाने निवृत्त होत नाही त्याला भ्रम म्हणून बाजूला सारणे हे शास्त्राला धरून नाही आणि माणुसकीलाही धरून नाही. ‘तुला उगीच भास होतो’ असे म्हणणारे घरचे लोक रोग्यावर नकळत अन्यायच करीत असतात.

आजचे शरीरशास्त्र याचा जो उलगडा करते तो विचार करण्याजोगा आहे. आपल्या प्रत्येक कानाच्या शंखाकृती भागात सुमारे १५,००० सूक्ष्म केशपेशी असतात. ध्वनीच्या कंपाचे संदेशात रूपांतर त्या करतात. मोठ्या आवाजाने, वयोमानाने किंवा काही औषधांनी त्या नष्ट झाल्या की मनुष्याच्या कानात पुन्हा उगवत नाहीत; पक्ष्यांच्या कानात त्या पुन्हा उगवतात, आपल्या नाही. कानाच्या ज्या भागाकडून संदेश येणे बंद पडते तिकडे मेंदू जणू अधिक कान देऊ लागतो, आपली संवेदना वाढवतो, आणि त्या वाढीव संवेदनेतून त्याला आवाज ऐकू येऊ लागतो, असे आज बहुतेक तज्ज्ञ मानतात. तोडलेल्या पायाची बोटे दुखावीत तसाच हा प्रकार. म्हणूनच पूर्वी ज्या काही रोग्यांची श्रवणाची नसच कापण्यात आली, त्यांतील अनेकांचा नाद नंतरही चालू राहिला. ज्या दर्शनाने अभावालाही पदार्थांत स्थान दिले, त्याच्या अभ्यासकाला या उलगड्याचे नवल वाटू नये. हा नाद अभावातून जन्मलेला आहे.

आणखी एक गोष्ट. १९५३ साली अमेरिकेत हेलर आणि बर्गमन या दोघांनी, ऐकण्याची कसलीही तक्रार नसलेल्या ८० माणसांना एकेकटे ध्वनिरहित खोलीत बसवले. त्यांतील ९४ टक्के लोकांनी आपल्याला काही ना काही आवाज ऐकू आल्याचे सांगितले. तेव्हा आतला नाद हा काही मोजक्या अभाग्यांनाच मिळालेला शाप नव्हे. निरोगी आणि रोगी यांच्यामधील रेषा आवाज आहे की नाही एवढ्यावर ओढता येत नाही. तो किती तीव्र आहे आणि मन त्याच्याशी कसे वागते यावर ती पुष्कळशी अवलंबून असते.

आता कारणाच्या शोधाकडे वळू, आणि त्यासाठी सुरतेकडे पाहू. तापी नदी खानदेशातून वाहत जाऊन सुरतेपाशी समुद्राकडे वळते. तिच्याच खोऱ्यातून, सुरत-भुसावळ लोहमार्गाने, जळगाव, धुळे आणि नंदुरबारकडची हजारो मराठी कुटुंबे त्या शहरात गेली आणि उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत स्थायिक झाली. ओडिशातील गंजाम जिल्ह्याचे विणकरही तेथे फार मोठ्या संख्येने आहेत. देशातील कृत्रिम धाग्याच्या कापडाचा मोठा भाग या शहरात विणला जातो. जुन्या पद्धतीच्या यंत्रमागात धोटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे मिनिटाला शंभराहून अधिक वेळा फेकला जातो आणि प्रत्येक फेकीला लाकूड व लोखंड यांचा आघात होतो. असे अनेक माग पत्र्याच्या एकाच छपराखाली चालू असले म्हणजे आवाज १०० डेसिबलच्या घरात जातो. बारा तासांची पाळी तेथे नित्याची आहे.

१९४८ च्या कारखाना कायद्याखालील नियमांत या बाबतीत एक कोष्टक दिलेले होते: ९० डेसिबलच्या आवाजात दिवसाला आठ तास, ९५ मध्ये चार तास आणि १०० मध्ये दोन तास. त्याच कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात, कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांमध्ये, आवाजाने येणाऱ्या बहिरेपणाची गणना होती. परंतु विजेवर चालणाऱ्या ज्या छपराखाली दहाहून कमी कामगार, तेथे तो कायदा सामान्यतः पोचत नसे. दोन तासांची मर्यादा आणि बारा तासांची पाळी यांतील अंतर कोणी भरून काढायचे, हा प्रश्न कागदावर राहिला आणि त्याचे उत्तर कामगाराच्या कानाने दिले.

असा एखादा विणकर डोळ्यांपुढे आणावा. वय चाळिशीचे, वीस वर्षे मागावर गेलेली. प्रथम त्याला उंच स्वर ऐकू येईनासे होतात. आवाजाची इजा बहुधा ४,००० हर्ट्झच्या आसपास सुरू होते. म्हणून ‘स’, ‘श’ यांसारखी व्यंजने पुसट होतात आणि लहान मुलांचे बोलणे कळत नाही. घरचे म्हणतात, यांचे लक्षच नसते. मग रात्री शिट्टी सुरू होते. तो देवाला नवस बोलतो, आंबट सोडतो, तंबाखू सोडतो, दृष्ट काढून घेतो, आपल्या हातून काय पाप घडले ते आठवत बसतो. सकाळ झाली की पुन्हा त्याच छपराखाली बारा तास उभा राहतो. ज्या कारणाचा तो आपल्या चारित्र्यात आणि पूर्वजन्मात शोध घेत आहे, ते त्याच्या हातापासून दोन वितींवर खडखडत आहे. ‘तुझा धंदा कोणता?’ एवढा एकच प्रश्न कोणी विचारला असता तर ते सापडले असते.

येथे आपल्या परंपरेने दिलेल्या दोन समजुतींची परीक्षा करणे प्राप्त आहे. पहिली कर्मविपाकाची. कर्मसिद्धान्त हा माणसाने स्वतःच्या पुढील आचरणासाठी वापरावयाचा आहे: आज मी जे करीन त्याचे फळ मला चुकणार नाही. तोच सिद्धान्त दुसऱ्याच्या दुःखाकडे बोट दाखवण्यासाठी वापरला म्हणजे त्याचे क्रौर्य बनते. शिवाय तो तसा वापरला की मालक, कायदा आणि समाज हे सर्व एका दमात निर्दोष ठरतात. ज्या उपपत्तीने केवळ दुबळ्याचाच दोष सिद्ध होतो तिच्याकडे संशयाने पाहावे.

दुसरी समजूत याच्या उलट टोकाची आहे. कानात नाद येतो म्हणजे अनाहत ध्वनी प्रकट झाला, असे काही श्रद्धाळू लोक म्हणतात. हठयोगप्रदीपिकेच्या चौथ्या उपदेशात नादानुसंधानाचे वर्णन आहे. समुद्र, मेघ, भेरी यांपासून बासरी, वीणा आणि भ्रमर यांपर्यंत नादाच्या पायऱ्या तेथे सांगितल्या आहेत. पण ती साधना आहे. साधक जाणूनबुजून बसतो, स्थूलाकडून सूक्ष्माकडे जातो आणि शेवटी चित्त नादात लीन होते. रोग्याचा नाद न बोलावता येतो आणि चित्ताला लीन करण्याऐवजी विखरून टाकतो. या दोहोंना एकच मानले तर साधनेचा मान राहत नाही आणि रोग्याची सोयही होत नाही. एवढेच नव्हे, तर त्या गौरवात तपासणीचे दिवस निघून जातात.

कारण तपासणी ही निःसंशय कर्तव्य आहे. कानातील मळ, मधल्या कानातील सूज किंवा पू, तेथील सूक्ष्म हाडाचे ताठरणे ही बरी होण्याजोगी कारणे आहेत. मोठ्या मात्रेतील ॲस्पिरिन, क्विनाइन, तसेच स्ट्रेप्टोमायसिन व जेंटामायसिन यांसारखी औषधे नाद उत्पन्न करू शकतात. पण ती स्वतःच्या मनाने बंद न करता डॉक्टरांना विचारावे. नाद एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल, चक्कर येत असेल किंवा ऐकणे एकाएकी गेले असेल, तर एक दिवसही दवडू नये. इतका शोध घेणे म्हणजे देहाविषयीचे ऋण फेडणे होय.

परंतु हे सर्व झाल्यावरही पुष्कळांच्या बाबतीत निश्चित कारण हाती लागत नाही, किंवा लागले तरी त्यावर उपाय नसतो. अशा वेळी शोध थांबवणे हेही तितकेच कर्तव्य ठरते. सुशिक्षित माणसाची फसगत येथे होते. विणकर समोरचे कारण पाहत नाही. हा नसलेले कारण पाहत सुटतो. एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे, एका जाहिरातीतून दुसरीकडे तो जातो, आणि दर प्रहराला आवाज वाढला की कमी झाला हे कान देऊन मोजतो. जितके मोजावे तितके लक्ष तिकडे जाते, आणि जितके लक्ष जावे तितका नाद मोठा होतो. नाद समूळ घालवणारी सर्वमान्य गोळी आजवर निघालेली नाही. मनाची प्रतिक्रिया बदलण्यास शिकवणाऱ्या उपचाराने आवाज जात नाही, पण त्याचा जाच कमी होतो, असे मात्र अनुभवास आले आहे. ऐकणे मंदावले असल्यास श्रवणयंत्राचाही उपयोग होतो. रात्री अगदी निःशब्द खोलीत निजण्याऐवजी पंख्याचा मंद आवाज सोबतीला ठेवणे हा साधा उपायही अनेकांना मानवतो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात सांगितलेली तितिक्षा ती हीच. उपाय आहे तेथे सहन करीत बसणे ही तितिक्षा नव्हे. उपाय संपल्यावर वैर सोडून राहणे ही तितिक्षा.

चेक संगीतकार स्मेताना याला १८७४ मध्ये पूर्ण बहिरेपण आले. १८७६ मध्ये त्याने तंतुवाद्यांसाठी जी रचना केली तिच्या शेवटच्या भागात, आनंदाच्या भरात एकाएकी एक उंच, लांबलेला स्वर येतो. तो त्याच्या कानात वाजणारा स्वर होता. त्याने तो लपवला नाही आणि दैवीही ठरवला नाही. आपल्या आयुष्याच्या कथेत त्याला त्याची जागा दिली. पुढे त्याची प्रकृती ढासळतच गेली, म्हणून याला विजय म्हणता येणार नाही. तरी दुःखाविषयी खरे बोलण्याचा हा एक नमुना आहे.

शेवटी आपल्या स्वतःच्या अंगणाविषयी दोन शब्द. गोव्यातील अनेक देवस्थानांत नगारखाना प्रवेशद्वारावर असतो. तेथून येणारा चौघडा अंगण ओलांडून गाभाऱ्यापर्यंत पोचेतो सौम्य झालेला असतो. आज कित्येक मंदिरांत विजेवर चालणारा नगारा आणि घंटा सभामंडपातच भिंतीला बसवलेल्या दिसतात, आणि पुजारी रोज दोन वेळा त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभे राहतात. मिरवणुकीतील ध्वनिवर्धकांच्या भिंतीपुढे आपण लहान मुलांना खांद्यावर घेऊन नाचतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी वस्तीतील आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ठरवली, आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात, इतरांची शांती मोडून प्रार्थना करावी असे कोणताच धर्म सांगत नाही, असा निर्वाळा दिला. उधन्यातील मागांवर आपली सत्ता चालत नाही. आपल्या आरतीवर आणि मिरवणुकीवर चालते. ज्याच्या कानात नाद आहे त्याला कारण विचारत बसण्यापूर्वी, उद्या दुसऱ्या कुणाच्या कानात तो उठू नये म्हणून देवस्थानाच्या समितीने यंत्राचा आवाज उतरवावा, किंवा ते यंत्र काढून घंटेची दोरी पुन्हा माणसाच्या हाती द्यावी. देवाला ऐकू येण्यासाठी एवढ्या मोठ्याने वाजवण्याची गरज कधीच नव्हती.